परसातले रंग आणि डोंगरातला हिरडा

मंडळी, रंगांची नावे एकदा सलग म्हणून पाहा. हळदी, कुसुंबी, केशरी, शेंदरी, डाळिंबी, अंजिरी, अबोली, जांभळा, नारिंगी, बदामी, वांगी. लुगड्याच्या दुकानात बसल्यासारखे वाटते की बागेत फिरल्यासारखे? आपल्या भाषेने रंगांची निम्मी नावे झाडापाल्याकडून घेतली आहेत.

पण या यादीत एक गंमत आहे. अंजिरी रंग अंजिरातून निघत नाही आणि अबोली रंग अबोलीच्या फुलातून निघत नाही. ती नावे नुसत्या दिसण्यावरून पडली. डाळिंबीची तर उलटीच तऱ्हा. डाळिंबाच्या सालीतून कापडाला रंग बसतो खरा, पण तो पिवळा! हळदी आणि कुसुंबी मात्र अस्सल नावे. हे रंग खरोखरच त्या त्या झाडातून काढले जात. त्यातली हळद आपल्या ओळखीची राहिली. कुसुंबी हा शब्द आपण अजून बोलतो, गाण्यात ऐकतो, पण शाळेत बसलेल्या चाळीस मुलांना विचारा, “कुसुंबी म्हणजे नक्की कोणता रंग?” फार थोडे हात वर येतील. आणि ज्या झाडातून तो रंग निघे, ते तर आपल्या शेताच्या कडेला उभे असते. त्याचे नाव करडई.

हे असे का झाले, त्याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे. तो पिंपळवंडीत बसून सांगितलेला बरा, कारण या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतच आहे.

पिंपळवंडी म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडले की आळेफाट्याच्या अलीकडचे गाव. कुकडीच्या खोऱ्यातले. इथल्या एखाद्या घराच्या मागच्या दारी उभे राहा आणि आपल्याभोवती रंग कुठे कुठे आहे ते मोजा. परसात हळदीचे चार कंद, मेंदीचे झुडूप, एखादा प्राजक्त, डाळिंब, दसऱ्यासाठी लावलेला झेंडू. चुलीपाशी कांद्याची टरफले. पुढे बांधावर गेलात की बाभूळ, पिवळ्या फुलांचा तरवड, पावसाळ्यात भाजीला खुडतो तो टाकळा, माळाच्या कडेचा पळस. ज्वारी-हरभऱ्याच्या भोवती जनावर शिरू नये म्हणून पेरलेली काटेरी करडई. आणि मान वर करून पश्चिमेकडे पाहिले, तर जुन्नरच्याही पलीकडे नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतचा डोंगर. त्या डोंगरात हिरडा.

हा हिरडा लक्षात ठेवा. बाकीच्या झाडांपाशी थोडे थोडे थांबून आपण शेवटी त्याच्याचकडे जाणार आहोत.

आधी थोडे मागे जाऊ. चांगले दोन हजार वर्षे मागे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी ही नावे तुम्हाला पाठ आहेत. यातली बहुतेक बौद्ध भिक्षूंसाठी होती. भिक्षूने पांढरे वस्त्र नेसायचे नाही, रंगवलेले नेसायचे, असा दंडक. विनयपिटकात त्यासाठी सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिलेली आहे: मुळाचा, खोडाचा, सालीचा, पानाचा, फुलाचा आणि फळाचा. म्हणजे झाडाचा एकही भाग वगळलेला नाही. हे वस्त्र कुठून येई? नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमचे ठेवले आणि शेकडा दरमहा एक या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना दर वर्षी प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत असे कोरून ठेवले. हिशेब करून पाहा, बरोबर जमतो. याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आपल्या मानमोडीच्या लेण्यात आहे. तेव्हा कापड, रंग आणि जुन्नर यांची ओळख जुनी आहे.

भिक्षूंच्या वस्त्राला काषाय म्हणत. हा शब्द कषायावरून आला आणि कषाय म्हणजे तुरट. सालीचा, मुळाचा तुरट काढा. आता तुमच्या लक्षात येईल, आपली तुरटीही तुरटच. रंगवण्याच्या कामात जे जे पदार्थ खरोखर उपयोगी पडतात, ते बहुतेक तुरट निघतात: हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल, काथ, तुरटी. जुन्या माणसाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण जीभ होती. त्या जिभेने केलेली ही पारख आहे.

मध्यंतरीचा मोठा काळ ओलांडून आपण गेल्या दोन-तीनशे वर्षांकडे येऊ. तेव्हा रंगाचे काम हा वेगळा धंदा झालेला होता. निळीचे काम करणारे ते निराळी. ही जात पुणे, नगर, सोलापूरकडे होती आणि तिचे नावच निळीवरून पडलेले. इतर रंग करणारे ते रंगारी. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाच्या इतिहासात ज्यांचे नाव येते, ते भाऊसाहेब लक्ष्मण जावळे. पेशाने वैद्य, पण घराण्यात शालू रंगवण्याचा व्यवसाय, म्हणून ते लोकांच्या तोंडी ‘भाऊ रंगारी’ झाले. आडनावे कशी पडतात पाहा.

रंगाऱ्यांच्या बोलण्यात रंगाचे दोन भाग असत, कच्चा आणि पक्का. हळद, पळस, कुसुंब हे कच्चे. आल आणि नीळ हे पक्के.

कुसुंब कच्चा असूनही त्याचा मान मोठा होता. तो कसा काढीत ते सविस्तर सांगतो, कारण त्यात जी बुद्धी आहे ती मला फार थोर वाटते. करडईच्या फुलात दोन रंग असतात. एक पिवळा, तो भरपूर, पाण्यात सहज उतरतो, आणि तो नको असतो. दुसरा लाल, तो शंभर भागांत एक भागही नाही, आणि हवा असतो तो हाच. लाल रंग नुसत्या पाण्यात उतरत नाही. तेव्हा सुकवलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून, तुडवून तुडवून पाण्याने धूत राहायचे, पिवळे पाणी जायचे थांबेपर्यंत. मग त्याच पाकळ्यांत साजीखार किंवा पापडखार मळायचा आणि थोडे थोडे पाणी ओतून ते गाळून घ्यायचे. खाराच्या पाण्यात लाल रंग उतरतो. हे पाणी काही विशेष दिसत नाही, तांबूस-मातकट. पण त्यात लिंबाचा रस पिळला की डोळ्यांदेखत गुलाबी-लाल रंग उमलतो, आणि आता त्याला पाण्यात राहवत नाही. समोर कापूस असला की तो त्याच्यावर जाऊन बसतो. तुरटी नको, उकळणे नको. उलट उकळले तर बिघडतो. खाराने काढायचा आणि आंबटाने बसवायचा. हे कोणी, कधी शोधले असेल! मिसरच्या प्राचीन थडग्यांतल्या कापडांवरही करडईचा रंग सापडला आहे.

तोटा एकच. साबण लागला की गेला, उन्हात वाळवला की फिका झाला. म्हणून कुसुंबी वस्त्र सणासुदीचे, लग्नाकार्याचे, आणि पुन्हा पुन्हा रंगवून घ्यायचे. विलायतेत सरकारी कागद बांधायच्या लाल फितीसुद्धा काही काळ याच फुलाने रंगवीत. आपण कचेरीतल्या ‘लालफिती’ला नावे ठेवतो, तिचे करडईशी असे नाते आहे.

फुले खुडायचे काम मात्र जिवावरचे. करडईचे काटे ज्याला लागले त्याला सांगायला नको. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला बिनकाट्याच्या करडईचे वाण बाहेर आणले, तेव्हा फुले खुडणाऱ्या बायांच्या हातांची सोय झाली. दाणा भरायला लागून पाकळ्या लालसर, मऊ झाल्या की खुडाव्या. मग दाण्याचे नुकसान होत नाही. तेलही मिळते आणि रंगही.

आता पक्क्या रंगांकडे येऊ. आल म्हणजे आपली बारतोंडी. तिच्या मुळाच्या सालीत लाल रंग असतो. खानदेश-वऱ्हाडकडच्या काळ्या रानात हे पीक तीन-तीन वर्षे जमिनीत ठेवीत आणि मग खोल खणून मुळे काढीत. बारीक मुळात रंग जास्त, जाड मुळात कमी. या रंगाचे जाडेभरडे लाल कापड म्हणजे खारवा. ते विरेल पण विटणार नाही, असे.

या आलाचा घात कोणी केला? लढाईने नाही, दुष्काळाने नाही, तर प्रयोगशाळेने. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन साधले नाही, बशीत जांभळा रंग राहिला. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेला तो पहिला मोठा रंग. पुढे १८६८ साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या मुळातला लाल रंग डांबरातल्या पदार्थापासून तयार केला, आणि १८६९ साली तो कारखान्यात काढायची रीत सापडली. त्याला अलिझारीन म्हणतात. दहा-पंधरा वर्षांत फ्रान्समधल्या मंजिष्ठाच्या शेतांची वाताहत झाली. फ्रेंच शिपायांच्या लाल विजारी, ज्या देशी मुळांनी रंगत, त्या जर्मन भुकटीने रंगू लागल्या. तीच भुकटी डब्यांतून मुंबईला उतरली आणि रेल्वेने खानदेश-वऱ्हाडात पोचली. तीन वर्षे जमीन अडवून, खोल खणून काढलेले मूळ एका बाजूला, आणि दुकानातली पुडी दुसऱ्या बाजूला. रंगाऱ्याने पुडी घेतली. त्याला दोष कसा देणार? त्याच्या पुढ्यात गिऱ्हाईक बसलेले होते. १८९६ साली सी. जी. एच. फॉसेट या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या रंगांवर आणि रंगकामावर सरकारसाठी पुस्तक लिहिले. एका पिढीपूर्वी घरोघर ठाऊक असलेली गोष्ट पुस्तकात टिपून ठेवायची वेळ आली होती.

निळीची गोष्ट वेगळी आहे आणि कडू आहे. झाडाचा रंग म्हटला की हल्ली सगळे पवित्र, सगळे निर्मळ असे समजायची रीत पडली आहे. ते खरे नाही. नीळ हा झाडाचाच रंग. मराठीत त्या झाडाला गुळीही म्हणतात. पण बंगालमध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी शेतकऱ्याच्या उत्तम भाताच्या जमिनीत ती सक्तीने पेरायला लावली. आगाऊ रक्कम घ्यायला लावायची आणि ते कर्ज बापाकडून मुलाकडे चालवायचे. १८५९ साली तिथल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरणार नाही म्हणून उठाव केला. १८६० साली दीनबंधू मित्रांनी ‘नीलदर्पण’ हे नाटक त्यावर लिहिले. बिहारमध्ये चंपारणला ‘तीनकाठिया’ चाले. बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीखाली ठेवलेच पाहिजेत. १८९७ साली जर्मनीच्या बाडिश कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि खऱ्या निळीचा भाव पडला. त्याचा भारही मळेवाल्यांनी कुळांवरच टाकला. नीळ पेरायची नसेल तर वाढीव खंड दे! पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबल्यावर निळीला पुन्हा थोडे दिवस आले. आणि १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले ते याच प्रकरणात. तेव्हा झाड तेच, रंग तोच. परसात चार रोपे हौसेने लावणे निराळे आणि दुसऱ्याच्या सक्तीने शेत त्याखाली घालणे निराळे.

एक बारीकसा तपशील मात्र सांगून टाकतो. निळीचा रंग कापडावर चढवायचा तर तिचे पाणी आंबवावे लागते. त्यासाठी दक्षिणेकडचे रंगारी चुना आणि टाकळ्याचे बी वापरीत. तोच टाकळा, जो आपल्याकडे पहिल्या पावसात भाजीला येतो आणि पुढे माजला की आपण उपटून टाकतो. आज आपण पांढऱ्या धोतराला जी नीळ देतो, तिचा या झाडाशी नावापुरताच संबंध उरला आहे.

आता हिरडा.

हिरड्यातून स्वतःचा रंग काही डोळे दिपवणारा निघत नाही. पांढरे कापड त्यात बुडवले तर फिके पिवळट, जुन्या कागदासारखे होते. मग रंगारी त्याला एवढे का जपत? कारण कापूस हा मोठा हट्टी. लोकर आणि रेशीम रंगाला लवकर वश होतात. सुती कापड झाडाच्या बहुतेक रंगांना दारातच उभे करते. झेंडूच्या पाण्यात पंचा बुडवा, पिवळा होईल. दोन धुण्यांत पुन्हा पांढरा. रंगाला कापडाशी बांधून ठेवणारा कोणीतरी मधे लागतो. पुस्तकात त्याला रंगबंधक म्हणतात. तुरटी हे काम करते, पण सुताला तुरटीही नीट धरत नाही. तिला धरून ठेवतो तो हिरड्यातला तुरटपणा. वाळल्या हिरड्याच्या गरात सुमारे तिसरा हिस्सा हे तुरट द्रव्य असते. म्हणजे सूत हिरड्याला धरते, हिरडा तुरटीला धरतो आणि तुरटी रंगाला. एकेकाचा हात धरून उभी राहिलेली ही साखळी आहे. यातला हिरडा काढला की कापसावरची साखळी ढिली पडते.

आणि हिरड्यात तुरटीऐवजी हिराकस घातली तर? काळा रंग. पूर्वी शाळा-कचेऱ्यांतून अशीच शाई करीत. गुरुजींनी वर्गात करून दाखवायला यासारखा प्रयोग नाही: एका पेल्यात हिरड्याचे फिके पिवळे पाणी, दुसऱ्यात हिराकशीचे फिके हिरवट पाणी, दोन्ही एकत्र ओतले की क्षणात काळेभोर.

हा हिरडा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांच्या आसपास पिढ्यान् पिढ्या उभा आहे. उन्हाळ्यात, खायचे दाणे सरत येतात आणि पेरणीला पैसा लागतो, नेमक्या त्या दिवसांत कोवळी फळे काढायची, अंगणात वाळवायची. तो काळा बाळहिरडा औषधाला जातो. झाडावर पुरता पिकलेला मोठा हिरडा रंगाला आणि चामडे कमवायला. अनेक घरांचा वर्षाचा रोख पैसा म्हणजे हिरडा.

इंग्रजांच्या काळी हिरडा गोण्या भरभरून विलायतेला जाई. तिथल्या चामडे कमावणाऱ्यांना तो इतका ओळखीचा होता की त्याच्या प्रतींची नावे आपल्या गावांवरून पडली. एक जबलपूरचा, एक भीमलीपट्टणचा, एक वेंगुर्ल्याचा. आता या दोन बाजू शेजारी ठेवून पाहा. ज्या काळात डांबराच्या रंगांचे डबे मुंबई बंदरात उतरत होते, त्याच काळात त्याच बंदरातून हिरड्याच्या गोण्या बाहेर जात होत्या. कुसुंब, आल आणि मंजिष्ठ यांचे नुकसान झाले ते विक्रीचे. हिरड्याची विक्री थांबली नाही. थांबला तो आपला वापर. आपण रंग बाहेरून घेऊ लागलो आणि रंग बांधणारा पदार्थ कच्चाच बाहेर देऊ लागलो, वजनावर.

मला यातली खरी खंत इथे वाटते. कुसुंबी लुगडे गेले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. जे विटते ते जाणारच. पण हिरडा वेचणाऱ्या बाईला आपला हिरडा कशाला लागतो हे सांगणारे तिच्या अवतीभवती कोणी उरले नाही. ज्याला मालाचा उपयोग ठाऊक नाही त्याने भाव कसा मागावा? १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले आणि हिरडा खरेदीत उतरले, व्यापारीही आहेतच. तरी फळ कच्चे जाते आणि त्याची भुकटी, अर्क, रंगाचे काम दुसरीकडे होते. त्यात निसर्गाचा फटका. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचेच चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून घाट चढून आले आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला हिरड्याची मोठाली झाडे मोडून गेले. ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. हिरड्याचे झाड फळाला यायला बरीच वर्षे जातात. लावणाऱ्याने मुलांसाठीच लावायचे असते.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करावे? परसातल्या रंगावर संसार चालेल असे मी सांगणार नाही. चालणार नाही. एक पंचा रंगवायला जेवढी फुले, जेवढे पाणी, जेवढा दिवस लागतो, तेवढ्यात बाजारात तीन पंचे मिळतात. कारखान्याच्या रंगांतही सगळे वाईट नाही. मात्र काही ॲझो रंगांपासून अपायकारक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली आणि आपल्या सरकारने १९९७ साली त्यांच्यावर बंदी घातली. परसातला रंग करायचा तो हात शिकावा म्हणून, आणि ज्या घरांत आज्या अजून सांगू शकतात त्यांच्याकडून ऐकून घ्यावे म्हणून.

एक पंचा घ्या, सुमारे शंभर ग्रॅमचा. कोऱ्या कापडाला खळ असते. रिठ्याच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून ती काढून टाका. वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घालून त्यात पंचा रात्रभर भिजवा. सकाळी पिळून, न धुता, सावलीत वाळवा. मग वीस ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तीन-चार तास ठेवा आणि एकदा हलकेच खळबळून घ्या. दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो. त्याच्या दोनशे ग्रॅम पाकळ्या अर्धा तास उकळून गाळा. त्या पाण्यात पंचा तासभर मंद आचेवर राहू द्या, तसाच निवू द्या, सावलीत वाळवा. दोन दिवसांनी धुवा. भांडे स्टीलचे असावे. लोखंडाची कढई घेतलीत तर रंग काळवंडेल. मात्र हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला नको. आणि द्राक्षबागेच्या फवारणीसाठी आणलेला मोरचूद घरात असतो, त्यानेही रंग हिरवट होतो हे खरे, पण तो विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नका.

झेंडूच्या जागी कांद्याची टरफले घातलीत तर सोनेरी-तपकिरी येईल. आपल्या तालुक्यात टरफलांना तोटा नाही. डाळिंबाची साल घेतलीत तर पिवळा, त्यात चिमूटभर हिराकस पडली तर करडा-खाकी. चिमूटभरच हं, हिराकस जास्त झाली तर पुढे कापड कुजते. प्राजक्ताचे नारिंगी देठ वाळवून ठेवा, रंग सुरेख येतो, टिकत नाही. बीट आणि जास्वंद यांच्या नादी लागू नका. हात रंगतील, पातेले रंगेल, पंचा तेवढा राहील.

परसात जागा असेल तर हळद आहेच; कडेला बिनकाट्याच्या करडईची एक ओळ, रब्बीच्या पेरणीबरोबर. शेंद्रीचे एक झाड; ते मूळचे अमेरिका खंडातले, पण आपल्याकडे चांगले रुजते. निळीची चार रोपे. मंजिष्ठाचा वेल डोंगरात असतो, पण तो तिथून खणून आणू नका. मुळासकट गेलेला वेल परत येत नाही. हिरडा मात्र बांधावर एक तरी लावाच, आणि पश्चिमेकडच्या वाडीतून विकत घ्याल तेव्हा घासाघीस करू नका.

गुरुजी, तुमच्यासाठी एक काम. जूनमध्ये शाळा सुरू झाली की जुन्या धोतराचे वीतभर तुकडे करून मुलांकडून रंगवून घ्या: एक हळदीत, एक झेंडूत, एक टरफलांत, एक हिरडा-हिराकशीत. प्रत्येकाचे दोन जोड करा, एक हिरड्याचे पाणी दिलेला आणि एक न दिलेला. प्रत्येक तुकडा मधोमध कापा. अर्धा वहीत चिकटवा, अर्धा वर्गाच्या उन्हाच्या खिडकीत टांगा, आणि दर सोमवारी मुलांना दोन्ही अर्धे शेजारी धरून वहीत तारीख घालून लिहायला सांगा. हळदीबद्दल लिहायला त्यांना फार दिवस थांबावे लागणार नाही.